आजारी मूल आणि आईबापांची पाळी



वसंतातल्या या मालेत विद्वानांनी काव्यावर, इतिहासावर, संगीतावर बोलावे आणि श्रोत्यांनी संध्याकाळचा वारा अंगावर घेत ते ऐकावे, असा प्रघात आहे. आमचा आजचा विषय तसा वाऱ्यावर बसून ऐकण्याजोगा नाही. लहान मुलाला कर्करोग झाला असता आईबापांनी त्याला कसे सांभाळावे, हा तो विषय होय. चालकांनी आम्हांला बोलावले होते कामगार चळवळीवर बोलण्यासाठी. विषय बदलून मागितला तो आम्हीच, आणि पुढे ऐकाल तेव्हा तो फारसा बदललेला नाही असे कदाचित आपणांस वाटेल.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेचे आणि त्यापुढचे सार्वजनिक वाचनालयाचे. परंतु यंत्रमागावर राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या कुटुंबांबरोबर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूर सोडावे, पहाटे दादरला उतरावे आणि मांडीवर झोपलेले पोर घेऊन परळला टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे, असा प्रवास युनियनच्या आम्हां मंडळींना अनेकदा घडला आहे. तिथे जे पाहिले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले आणि नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिले, तेवढेच सांगणार आहोत.

मुलांचे कर्करोग पुष्कळ प्रकारचे आहेत. मेंदूच्या गाठी आहेत, मूत्रपिंडाच्या, डोळ्यांच्या, हाडांच्या आहेत. आम्ही मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाबद्दल बोलू, कारण मुलांत तोच सर्वांत अधिक आढळतो आणि त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार दोन ते पाच वर्षांच्या वयात विशेष दिसतो. हाडांच्या पोकळीत जो मगज असतो तो रक्त घडवण्याचा कारखाना होय. तिथे एका जातीच्या पांढऱ्या पेशी अर्ध्याकच्च्या अवस्थेतच बेसुमार वाढू लागतात आणि कामाच्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी कमी पडल्या म्हणजे मूल फिकट दिसते, धावताना बसकण मारते. प्लेटलेट कमी पडल्या की अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. रोगाशी झुंजणाऱ्या चांगल्या पेशी घटल्या की ताप उतरत नाही. काही मुले नुसती पाय दुखतात म्हणून रडतात, लंगडतात, आणि घरचे म्हणतात की कुठे तरी पडला असेल. यातले प्रत्येक लक्षण साध्या दुखण्याचेही असते. पण पंधरा दिवस ताप हटत नाही, पोर पांढुरके पडले आहे, न पडता डाग उठले आहेत, असे एकत्र दिसले तर ताईत आणि टॉनिक यांच्यामध्ये हेलपाटे न घालता रक्त तपासून घ्यावे. साध्या रक्ततपासणीतही पुष्कळदा संशय घेण्याइतपत पुरावा मिळतो. निदान पक्के होते ते हाडातला मगज काढून तपासल्यावर.

आणि हेही लागलीच सांगून टाकतो. हा रोग संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका पांघरुणात निजल्याने तो दुसऱ्या भावंडाला होत नाही. बहुतेक मुलांत तो का झाला याचे नेमके कारण सापडत नाही. तेव्हा गरोदरपणात सुनेने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याची चौकशी करीत बसणाऱ्या सासवांनी ती चौकशी थांबवावी. आम्ही पाहिलेल्या कितीतरी आयांना रोगापेक्षा या चौकशीनेच अधिक रडवले आहे.

आता या रोगावरच्या औषधांची थोडी हकीकत ऐका, कारण तिच्यात आपल्या देशाचा एक माणूस आहे. आंध्रातील भीमवरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत गेले, आणि बोस्टनमध्ये शिकत असताना पोटासाठी त्यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीचा हमाल म्हणून रुग्णांची भांडी उचलली. पुढे लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या देखरेखीखाली फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये तयार झाली. त्यांपैकी एक बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. सोळा मुलांपैकी दहांचा रोग काही काळ मागे हटला होता. रोग परतला, मुले गेली. पण ज्या रोगापुढे तोवर हातच टेकले जात होते तो औषधाने हटू शकतो, हे प्रथमच दिसले. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. त्या कुळातले मेथोट्रेक्सेट आजही आमच्या मुलांच्या पोटात आठवड्यातून एकदा जाते. दुसरे औषध आपल्या अंगणातले. डालड्याच्या जुन्या डब्यांत आपल्या बाया जी सदाफुली लावतात, तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन काढतात. अमेरिकेत १९६३ साली ते वापरास मंजूर झाले. (हे ऐकून कोणी सदाफुलीचा काढा करून पोराला पाजू नये. ती वनस्पती विषारी आहे आणि औषधाची मात्रा मिलिग्रॅमने मोजावी लागते. असा काढा घेऊन आलेला एक काका आम्हीच रुग्णालयाच्या दारातून परत पाठवला आहे.) मग १९६० च्या दशकात मेम्फिस येथे डॉक्टर डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र आणि टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत बसवली, आणि सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली. आता श्रीमंत देशांत मुलांच्या कर्करोगातून शंभरांतली ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र तिसांहून कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ऐंशी आणि तीस! औषधे बव्हंशी तीच, रोगही तोच. मग मधली पन्नास मुले कुठे जातात? संघटनेने कारणे दिली आहेत: निदान उशिरा होते किंवा चुकते, रुग्णालय दूर असते, औषध मिळत नाही, उपचारांचे त्रास आवरत नाहीत, आणि उपचार मध्येच सोडले जातात. यातल्या शेवटच्या कारणाशी आमचा संबंध आला.

या रोगाचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो. पहिला महिना-दीड महिना जोराचा असतो. त्यात रोग दिसेनासा करायचा. पुढचे काही महिने लपलेल्या पेशींचा पाठलाग, त्यात मणक्यात सुई घालून औषध देणेही येते. आणि त्यानंतर दीड-दोन वर्षे घरी राहून रोज एक गोळी, आठवड्याला दुसऱ्या गोळ्या, ठराविक दिवशी रक्ततपासणी आणि रुग्णालयाची फेरी. या तिसऱ्या टप्प्यात मूल चांगले दिसते. केस परत येतात, ते गल्लीत खेळते, बाळसे धरते. अशा वेळी बापाला वाटते की पोर बरे झाले, आता मुंबईची फेरी म्हणजे चार दिवसांच्या मजुरीचा चुराडा. आपण संपाचे उदाहरण घेऊ. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो, पण पुढे जुन्या माणसांकडून पुष्कळ ऐकले. पहिल्या महिन्यात सगळे उभे असतात. घरातली भांडी विकायला निघतात ती पाचव्या-सहाव्या महिन्यात. उपचारांचेही तसेच. पहिल्या महिन्यात मामा, आत्या, शेजारी सर्व धावतात, डबे येतात, पैसे येतात. चौदाव्या महिन्यात फलाटावर आई आणि मूल दोघेच असतात. आणि रोजची ती गोळी वरचेवर चुकली तर रोग परतण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांनी दाखवले आहे. परतलेला रोग पहिल्यापेक्षा कितीतरी हट्टी असतो.

आता घरातल्या सांभाळाकडे वळू. पहिला प्रश्न सर्व आईबाप विचारतात तो असा: पोराला सांगायचे काय? आमच्याकडे एक विणकर आहेत, घरची भाषा तेलुगू. चार वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी त्यांनी सांगितले, "आपण मुंबईला समुद्र बघायला चाललोय." समुद्र राहिला, सुई आली. पुढे तीन आठवडे तो मुलगा बापाच्या हातून पाणी पिईना. मग तिथल्या एका जुन्या परिचारिकाबाईंनी समजावले की, टोचणार असेल तर टोचणार म्हणून सांगा, दुखेल म्हणून सांगा, आणि मी धरून बसेन म्हणून सांगा. हे आम्हांला त्यानंतर सर्वत्र खरे ठरलेले दिसले. चार वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया हा शब्द नको. "तुझ्या रक्तात वाईट पेशी वाढल्या आहेत, त्या काढायला औषध द्यावे लागते" एवढे त्याला कळते. त्याला निवडीचा थोडा अधिकार द्यावा. सुई टोचू की नको हे त्याला विचारायचे नाही. डावा हात की उजवा, मांडीवर बसून की पलंगावर, गोळी पाण्याबरोबर की सरबताबरोबर, हे विचारावे.

त्या मुलाने एकदा रात्री बापाला विचारले, "अप्पा, मी काय केलं होतं?" मुले दुखण्याला शिक्षा समजतात, आणि यात आपला दोष आहे, कारण एरवी आपण त्यांना सांगतोच की नीट वाग, नाही तर डॉक्टर सुई देईल. ही धमकी आपल्या घरांतून हद्दपार झाली पाहिजे. तू काही केले नाहीस, हे मुलाला न विचारता, पुन्हा पुन्हा सांगावे.

उपचारात स्टिरॉइड देतात त्या आठवड्यांची आईबापांना आधी कल्पना दिली पाहिजे. मूल त्या काळात ओळखू येत नाही. चेहरा गोल सुजतो, मिजास चढते, रात्री दोन वाजता उठून भात मागते, तो संपला की पुन्हा मागते, आणि नाही म्हटले की ताट भिरकावते. सोलापूरच्या पोराने शेंगाचटणी मागावी आणि डॉक्टरांनी मीठ जपून सांगितलेले असावे, असा पेच आम्ही कितीदा पाहिला! बापांना वाटते की लाडाने बिघडला. तसे नव्हे; ते औषध बोलत असते आणि ते बंद झाल्यावर हळूहळू शमते. तरी शिस्त सगळीच सोडू नये, असे आमचे मत आहे. मारले तर चालते, चावले तर चालते, भावाचे खेळणे फोडले तरी चालते, असे घरात झाले की मूलच घाबरते. त्याला वाटते, ही माणसे आपल्याला काहीच बोलत नाहीत, म्हणजे आपले काही खरे नाही.

इतर त्रासांचे थोडक्यात सांगतो. मेथोट्रेक्सेटने तोंड येते. मग तिखट, आंबट बंद, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, थंड करून. व्हिन्क्रिस्टीनने शौचाला घट्ट होते आणि पाय ओढत चालावेसे होते. ते डॉक्टरांना सांगावे, लाजू नये. पाणी उकळून गार केलेले, अन्न ताजे आणि नीट शिजलेले, फळ सोलून, गाड्यावरचे काही नाही. घरात ज्याला सर्दी-खोकला त्याने दूर राहावे. कांजिण्यांच्या मुलाशी संबंध आला तर त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: घरात थर्मामीटर हवा. पारा १००.४ अंशांवर गेला तर ती आणीबाणी समजावी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. मुंबई दूर आहे म्हणून रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे हे दिवसाउजेडी, तब्येत बरी असताना, आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून भिंतीला लावावे. रिक्षावाल्याचा नंबरही त्याच कागदावर.

दुसऱ्या मुलाबद्दल कोणी बोलत नाही. आई मुंबईला, बाप कामावर, आणि आठ वर्षांची बहीण काकूकडे. तिला कोणी काही सांगत नाही आणि सगळे गप्प होतात ते तिच्या समोरच. एका मुलीने शाळेत सांगितले होते की भाऊ मेला. तो जिवंत होता, पण तिला तसे वाटत होते. तिला खरे सांगावे, फोनवर भावाशी बोलू द्यावे, आणि आठवड्यात एक तास तरी आई किंवा बाप फक्त तिचा असावा.

आईबापांपैकी एकाने सर्व दुखणे अंगावर घेणे आम्हांला पसंत नाही. बहुतेक घरांत ती आई असते. रात्रपाळी आणि दिवसपाळी एकच माणूस करतो असा कारखाना आम्ही बंद पाडला असता. बापाने औषधाच्या वेळा पाठ कराव्यात, सुईच्या वेळी मूल धरावे, पोटऱ्या चोळाव्यात. केस गेल्यावर एका बापाने स्वतःचे डोके भादरले. सगळ्यांनीच भादरावे असे नाही, पण त्या पोराला दोन दिवस हसू आले हे खरे.

आता संघटनेने काय करावे ते. पहिले रक्त. प्लेटलेट पिशवीत फार तर पाच दिवस टिकतात. म्हणून वाढदिवसाला शंभर माणसांनी एकदम रक्तदान करून छायाचित्र काढण्याचा या मुलांना फारसा उपयोग नसतो. त्यांना आज दोन, परवा दोन, असे येणारे दाते लागतात. आम्ही मुंबईत राहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची यादी केली आहे, पाळी लावली आहे, आणि ती पाळी कामाच्या पाळीसारखीच पाळली जाते.

दुसरे मुक्काम. टाटा रुग्णालय परळला १९४१ साली उघडले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानेच वारल्या होत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९५७ साली ते सरकारकडे आले आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. भोवतालच्या गिरण्या गेल्या, मनोरे आले, पण पदपथावर वळकटी टाकून बसलेली बाहेरगावची कुटुंबे तिथे आहेतच. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, २००६ पासून मुलांसाठी सेंट ज्यूड्स संस्थेची निवासस्थाने आहेत; रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटले पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथे सुरू झाली. कोणता भाग मुंबईला आणि कोणती तपासणी जवळ होऊ शकते हे डॉक्टरांना विचारले तर पुष्कळ फेऱ्या वाचतात. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, एस. टी.तही आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचारांचा खर्च मिळतो. मात्र रेशनकार्डावर मुलाचे नाव आहे का ते आजच घरी जाऊन पाहावे. आम्ही एका मुलाचे नाव चढवण्यासाठी अकरा दिवस एका कचेरीत खेटे घातले आणि तो मुलगा तोवर रक्तावर तगून होता.

तिसरी गोष्ट मजुरीची, आणि इथे आमचे भांडण आहे. राज्य कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. तिच्यात कामगाराला स्वतःला कर्करोग झाला तर ठराविक अटींवर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते. चांगली तरतूद आहे. त्याच कामगाराच्या मुलाला तोच रोग झाला तर मुलाला औषधोपचार मिळतो, पण पोर घेऊन बसणाऱ्या बापाला वेतन शून्य. जणू चार वर्षांचे मूल एकटेच गाडीत बसून परळला जाणार आहे! केंद्र सरकारच्या नोकरीतल्या स्त्रीला मुलांच्या संगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे, महाराष्ट्र सरकारनेही २०१८ पासून १८० दिवसांची दिली. त्याचा आम्हांला हेवा नाही. पण विड्या वळणारी बाई विडी वळली नाही त्या दिवशी तिला काही मिळत नाही, आणि यंत्रमागावरच्या कितीतरी माणसांची नावे हजेरीपटावरच नसतात. गंभीर आजारी मुलाच्या आईला किंवा बापाला उपचाराच्या दिवसांची भरपगारी रजा, विमा योजनेतून, ही आमची मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत एका टॉवेल कारखान्यात बारा सोबत्यांनी महिन्यातून एकेक पाळी त्या बापाच्या नावावर चालवली. मालक आधी कुरकुरला, मग माग बंद पडत नाही हे पाहून गप्प बसला. असे बारा जण सगळीकडे मिळत नाहीत, म्हणूनच कायदा हवा.

उपचार संपल्यावर काय, हे विचारायला फार थोडे आईबाप उरतात, कारण तोवर ते थकलेले असतात. मूल शाळेत गेले पाहिजे; शिक्षकांनी त्याला काचेच्या भांड्यासारखे बाकावर बसवून ठेवू नये आणि टोपी ओढणाऱ्या पोरांना आधीच समज द्यावी. फेऱ्या लांबतात, पण बंद होत नाहीत. काही औषधांचा परिणाम हृदयावर वर्षांनी दिसू शकतो. हे मूल वीस वर्षांचे होईल, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला जाईल, ती मुलगी असेल तर बाळंतपण येईल, तेव्हा समोरच्या डॉक्टरला कळले पाहिजे की लहानपणी कोणते औषध किती दिले होते. म्हणून शेवटच्या दिवशी रुग्णालयातून उपचाराचा सारांश लिहून मागावा, त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवावी आणि दुसरी मामाच्या घरी. आमच्याकडे पावसाळ्यात पत्रा गळतो, तेव्हा पिशवीला गाठ मारायला विसरू नये.